भिंतीच्या पोटात

अमेरिकेस जाऊन आलेल्या माणसाने ‘नायगारा पाहिला नाही’ असे सांगितले, की आपल्याकडे लोक त्याच्या पासपोर्टाबद्दलच शंका घेऊ लागतात. मी २०२३ च्या मे-जून महिन्यांत चांगले सहा आठवडे त्या देशात होते आणि नायगारा पाहिला नाही. मी भिंती पाहिल्या. त्याही रंगरंगोटी केलेल्या, पुऱ्या झालेल्या नव्हेत. अर्ध्या उभ्या, उघड्या पोटाच्या, आतले सारे दिसत असलेल्या. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हे सांगितले तेव्हा एक सहकारी म्हणाले, “बाई, भिंती पाहायला इतक्या लांब कशाला? इथे काय बांधकामे थोडी चालली आहेत?” तेव्हा तासाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते आता सावकाशीने देते.

आधी थोडे घरचे. माझा धाकटा भाऊ बाळू (त्याचे खरे नाव भारदस्त आहे, पण ते व्हिसापुरतेच उरले आहे) विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, मॅडिसनला असतो. आमचे वडील २०२१ साली गेले आणि तेव्हापासून आई पुण्याला माझ्यापाशी आहे. वर्षातले काही महिने तरी तिने आपल्याकडे राहावे, हा बाळूचा हट्ट. आई ‘बघू’ म्हणे. तिच्या ‘बघू’ चा अर्थ आम्ही दोघेही लहानपणापासून ओळखून आहो. अखेर त्याने गावाच्या पश्चिम अंगाला जमिनीचा एक तुकडा घेतला आणि कळविले, “आईला घेऊन ये. घर तिच्यासमोर ठरवू.” मला सुट्टी होतीच. आईने लाडवांचा डबा, सांधेदुखीचे तेल आणि स्वतःचे ‘बघू’ बरोबर घेतले आणि आम्ही निघालो.

मॅडिसन हे मोठे देखणे गाव आहे. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर ते बसले आहे आणि त्या पट्टीच्या मध्यावर राज्याच्या विधानभवनाचा पांढरा घुमट. शनिवारी सकाळी त्या घुमटाभोवती आसपासच्या शेतकऱ्यांचा बाजार भरतो. आईने तिथे पालकाची जुडी उलटीसुलटी करून पाहिली आणि “बरी आहे” असा शेरा दिला. आम्ही गेलो तेव्हा लायलॅकची जांभळी झुडपे फुललेली होती आणि गल्लीगल्लीत त्यांचा वास दरवळत होता. अशा हवेत थंडीच्या गोष्टी ऐकणे म्हणजे पोटभर जेवल्यावर दुष्काळाचे वर्णन ऐकण्यासारखेच. पण बाळूने तळ्याकडे बोट दाखवून सांगितले, की जानेवारीत याच पाण्यावरून माणसे चालत जातात, बर्फाला भोक पाडून मासे धरीत बसतात, आणि पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. आईने पदर घट्ट ओढून घेतला. मे महिना होता तरी!

त्याच्या भाड्याच्या घरात पहिल्याच दिवशी मला एक चमत्कार दिसला. बाहेरच्या अंगाच्या भिंतीवर, सकाळचे तिरपे ऊन पडले की, ठरावीक अंतरावर उभे अंधूक काळपट पट्टे दिसत. एखाद्या कृश माणसाच्या बरगड्या मोजाव्यात तसे. मला वाटले, रंग नीट दिलेला नाही. बाळू म्हणाला, “ताई, तो रंग नाही. ते भिंतीचे वासे आहेत. थंडीत तेवढी जागा जास्त गार पडते, आणि गार जागी धूळ धरते.”

भिंतीच्या पोटात काय असते याची गोडी मला लागली ती त्या पट्ट्यांपासून.

तिकडचे सामान्य घर लाकडाचे असते, हे आपण ऐकून असतो; पण लाकडाचे म्हणजे आपल्या कोकणातल्या घरासारखे नव्हे. एके काळी त्यांचीही घरे जाड खांब-तुळयांची होती; एकात एक खाचा बसवून, वर लाकडी पाचर ठोकून जोडलेली. एकोणिसाव्या शतकात लाकूड कापण्याच्या गिरण्या आल्या, यंत्राने केलेले खिळे स्वस्त झाले, आणि १८३० नंतरच्या दशकात शिकागोकडे एक नवी तऱ्हा निघाली: जाड खांबांऐवजी बारीक बारीक वासे जवळजवळ उभे करायचे आणि नुसत्या खिळ्यांनी ठोकायचे. तिला ‘बलून’ चौकट असे नाव पडले. फुग्यासारखी उडून जाईल म्हणून लोकांनी थट्टेने ते ठेवले, असे म्हणतात. ती उडून गेली नाही. थोड्याफार फरकाने सारी अमेरिका आजही त्याच पद्धतीने घर बांधते. वाशाला ‘दोन बाय चार’ म्हणतात, आणि मोजायला जावे तर तो दीड बाय साडेतीन इंच भरतो. मी आयुष्यभर व्याकरण शिकवले. नाम एक आणि पदार्थ दुसरा, हा प्रकार मला फार आवडला. असे वासे दर सोळा किंवा चोवीस इंचांवर उभे राहतात, मधल्या पोकळीत काचेच्या लोकरीच्या गाद्या भरतात, बाहेरून तक्ते आणि आतून जिप्समचे पत्रे ठोकले की झाली भिंत.

त्यातली खोट ही, की लोकर ऊब धरून ठेवते, पण वासा तितकी धरत नाही. भिंतीला गोधडी पांघरावी आणि दर दीड हातावर तिला उभी फट ठेवावी, तसे होते. म्हणून भाड्याच्या घराला बरगड्या फुटलेल्या.

बाळूपुढे दोन अंदाजपत्रके होती. एक या वाशांच्या घराचे. दुसऱ्यात वासे जवळजवळ नव्हतेच. लाकडाचे चपटे कपचे सरसात दाबून केलेले दोन तक्ते घ्यायचे, प्रत्येक अर्ध्या इंचाहून किंचित पातळ; त्यांच्यामध्ये साडेतीन किंवा साडेपाच इंच जाडीचा फेसाळ प्लास्टिकचा गाभा चिकटवायचा. हे तिन्ही मिळून एकच अखंड अंग होते आणि तेच भिंतीचे काम करते. ऊबही तेच धरते, छपराचा भारही तेच पेलते. चार बाय आठ फुटांपासून थेट आठ बाय चोवीस फुटांपर्यंतची अशी फलके कारखान्यात, खिडक्या-दारांची भोके पाडून तयार होतात आणि क्रेनने उचलून जागेवर उभी करतात.

“आणि तो मधला गाभा कसला?” आईने विचारले.

बाळूने एक नमुना तिच्या हाती दिला. तिने कडेला नखाने खरवडले. पांढरे दाणे तिच्या मांडीवर पडले.

“अरे, हे तर थर्माकोल!”

होय, थर्माकोलच. आपण ज्याची गणपतीची मखरे करीत होतो, आणि २०१८ साली महाराष्ट्रात ज्याच्या सजावटीवर बंदी आली, तेच. आईच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी कधी विसरणार नाही. पोटच्या पोराने आपल्याला मखरात बसवायचे ठरवले आहे, आणि विसर्जन कधी ते सांगितलेले नाही, असा तो भाव होता.

बाळूने मग आपली बाजू मांडली, आणि ती लेचीपेची नव्हती. गाभा सलग असल्यामुळे बरगड्यांचा प्रश्न येत नाही. शिवाय फटी कमी. टेनेसी राज्यातल्या ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत दोन्ही पद्धतींच्या खोल्या बांधून, पंख्याच्या दाबाने त्यांतून हवा किती गळते ते मोजले, तेव्हा फलकांच्या खोलीतून वाशांच्या खोलीच्या पंधराव्या हिश्शाइतकीच हवा गळली. आईला दम्याची जुनी खोड आहे. गार झुळूक लागली की रात्र बसून काढावी लागते. “आईसाठीच म्हणतो मी,” बाळू म्हणाला.

पण दुसरे अंदाजपत्रक पहिल्याहून जड होते, आणि तो फरक जवळजवळ एका खोलीएवढा होता. ती खोली म्हणजे तळमजल्यावरची, न्हाणीघर जोडलेली, आईसाठी आखलेली खोली. फलके घेतली तर आईचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, चौदा पायऱ्या चढून. आणि आईने आपले दोन्ही गुडघे आता मोजून-मापून खर्च करायचे ठरवले आहे. म्हणजे ऊब घ्यावी तर जिना, जिना टाळावा तर झुळूक. माझी भावजय हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता एवढेच म्हणाली, “ताई, तुम्ही दोन्ही पाहून तर घ्या.”

तेव्हापासून आमची भिंतींची यात्रा सुरू झाली.

मौज अशी, की या फलकांचे माहेर मॅडिसनच आहे. अमेरिकन वनखात्याची लाकूड-प्रयोगशाळा इथे १९१० पासून आहे. तिच्या इमारतीवरून आम्ही रोज जात होतो आणि मला ती एखादी सरकारी कचेरी वाटत होती. १९३५ च्या सुमारास तिथल्या मंडळींनी असा विचार केला, की भिंतीवरचे तक्ते नुसते झाकणासाठी कशाला? त्यांना आतल्या चौकटीशी पक्के चिकटवले तर तेही भार उचलतील. तशा प्लायवुडच्या फलकांची घरे त्यांनी बांधून पाहिली. त्याच सुमारास, १९३७ साली, फ्रँक लॉइड राइट या विख्यात वास्तुविशारदाने याच गावात एका तरुण वार्ताहरासाठी, हर्बर्ट जेकब्ससाठी, एक लहानसे घर उभे केले, आपल्या फीसकट साडेपाच हजार डॉलरांत. त्याच्या लाकडी भिंतींत वासे नाहीत; मध्ये लाकडाचा थर आणि दोन्ही अंगांना फळ्या. पुढे राइटच्याच हाताखाली शिकलेल्या ऑल्डन डाउने १९५२ मध्ये मिशिगनमधल्या मिडलंडला मधे फेसाळ गाभा असलेल्या फलकांचे घर बांधले आणि ही जात आजच्या रूपाला आली.

ते जेकब्सचे घर आम्ही रस्त्यावरून पाहिले. २०१९ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला आहे. पण रस्त्याकडे त्याने पाठच फिरवलेली आहे. बुटके, सपाट छपराचे, आडव्या रेघांचे. सारी काच मागच्या बागेकडे. आईने ते बराच वेळ न्याहाळले. “गरम राहतं का रे?” या घराच्या जमिनीखालून गरम नळ नेले आहेत, पण त्या पातळ भिंतींत लोकरही नाही नि थर्माकोलही नाही, असे बाळूने कबूल केले. आई म्हणाली, “मग त्या वार्ताहराच्या बायकोला विचारायला हवं होतं.” जागतिक वारशावर इतके नेमके परीक्षण मी तरी वाचलेले नाही.

त्यानंतर एका रविवारी बाळूच्या ओळखीच्या एका तेलुगू कुटुंबाच्या घरी गेलो. ते काही वर्षे फलकांच्याच घरात राहत होते. त्या घराविषयी मला खरे ते लिहिलेच पाहिजे. शेजारी गवत कापण्याचे यंत्र धडधडत होते; मागे दार लागले आणि तो आवाज कुणी कापसात गुंडाळून ठेवावा तसा झाला. भिंतींवर बरगडीचा मागमूस नाही. यजमानांनी तळघरात नेऊन एक पेटी दाखवली. घर इतके बंदिस्त, की त्याला श्वास यंत्रानेच घ्यावा लागतो. बाहेर जाणारी शिळी हवा आत येणाऱ्या ताज्या हवेला आपली ऊब देऊन जाते, आणि दोघींची भेट मात्र होत नाही. आई म्हणाली, “म्हणजे घराला नाक वेगळं बसवलंय.” यजमानांना भाषांतर करून सांगितले, तेव्हा ते इतके हसले की त्यांनी तो शब्द टिपून घेतला.

जेवण उत्तम होते. मात्र स्वयंपाकघरात फोडणीचा वास नव्हता. थोड्या वेळाने यजमानीणबाई कढीलिंबाची डहाळी घेऊन एका दारातून गेल्या आणि चर्र असा आवाज मोटार ठेवण्याच्या जागेतून आला. तिथे त्यांनी दुसरी शेगडी मांडलेली होती! मोठा धूर ओढणारा पंखा लावला तर तो आतली हवा ओढतो, आणि घर बंदिस्त असल्याने बदली हवा यायला वाट वेगळी ठेवावी लागते; ती व्यवस्था बांधतानाच करायची राहून गेली होती. “थंडीत काय करता?” आईने विचारले. “कोट घालून फोडणी करते,” त्या म्हणाल्या.

परत येताना गाडीत कोणी बोलले नाही. मला ती शांतता, ती सारखी ऊब मनापासून आवडली होती, आणि मी तसे सांगितले. आईसाठी दोन पैसे जास्त गेले तर जाऊ देत, असेही म्हणाले. पैसे माझे नव्हते, त्यामुळे हे म्हणणे सोपे होते.

दोन दिवसांनी वासेवाल्या सुताराची भेट झाली. बाळूच्या भागातली बरीच घरे त्याच्याच हातची. तो एका चौकटीवर काम करीत होता. ताज्या पाइनचा वास सुटला होता, आणि आख्ख्या घरातून आरपार आभाळ दिसत होते. आईने एका वाशावर बोटाच्या पेराने टकटक केले. त्यानेही लगेच दुसऱ्या वाशावर टकटक करून तिच्याकडे पाहिले. भाषा एकच, असे दोघांनाही वाटले असावे.

बाळूने त्याला फलकांबद्दल सरळच विचारले. माणूस सचोटीचा. वस्तू वाईट नाही, म्हणाला. पण मी कधी उभी केलेली नाही, आणि पहिला धडा तुमच्या घरावर गिरवणार नाही. फलक कारखान्यातून कापून येते. खिडकी हातभर सरकवायची ठरली तर इथे मी एक वासा काढून दुसरा ठोकतो, तिथे आधी कागदावरच सगळे पक्के हवे, विजेच्या तारांच्या वाटासुद्धा. आणि सारा जीव सांध्यात. दोन फलके भेटतात तिथे फेस आणि चिकटपट्टी नीट बसली नाही, तर घरातली दमट ऊब त्या फटीतून बाहेर निघते आणि थंड तक्त्याशी जाऊन पाणी होते.

हे काही त्याचे व्यवसायाचे वैर नव्हते. अलास्कात जूनो नावाचे पावसाळी गाव आहे. तिथल्या काही फलकांच्या छपरांचे वरचे तक्ते कुजलेले आढळले आणि २००१-०२ च्या सुमारास त्याची चौकशी झाली. दोष फलकांचा नव्हता, न बुजवलेल्या सांध्यांचा होता. बाळूने हे आधीच वाचलेले होते. त्याने ते आम्हाला सांगितले नव्हते, एवढेच. आणि लाकूडमुंग्या थर्माकोल पोखरून घर करतात, म्हणून त्यात टाकणखाराच्या जातीचे औषध मिसळतात, हेही त्या दिवशीच कळले.

रात्री आईने राजापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची गोष्ट काढली. १९८९ च्या पावसाळ्यात माजघरावरचे एक कौल सरकले होते. कुणाच्या लक्षात आले नाही. ऐनाची तुळई, भिंतीत शिरते तिथेच, आतल्या आत मऊ झाली. गावचा सुतार दिवाळीआधी माळ्यावर चढला, त्याने हाताच्या मागच्या अंगाने ठोकून पाहिले आणि खाली न उतरताच वडिलांना हाक मारली. आठ दिवस आम्ही पडवीत निजलो. धिरे लावून जुनी तुळई काढली, फणसाची नवी घातली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मला फक्त पडवीत निजण्याची मजा आठवते. आईला हिशेब आठवत होता.

“ठोकल्यावर कळलं,” ती म्हणाली. “आणि आपल्याच माणसाला काढता आलं.”

बाळू गप्प राहिला. भावजयीने मात्र वही फिरवून आमच्यापुढे ठेवली. तिने तिसराच हिशेब मांडून ठेवला होता. वासेच, पण ‘दोन बाय सहा’ चे (अर्थात दीड बाय साडेपाच), पोकळीत लोकर, आणि बाहेरून साऱ्या घराला दोन इंच जाडीच्या फोमच्या तक्त्यांचे सलग पांघरूण, म्हणजे बरगड्या झाकल्या जातील. फटी लाकूड झाकण्याआधी एकेक करून बुजवायच्या, आणि दारात पंखा लावून हवा किती गळते ते मोजून घ्यायचे. आकडा जास्त आला तर पुन्हा शोधायचे. फोडणीच्या पंख्यासाठी हवेची वाट पहिल्या दिवसापासून. फलकांइतके बंदिस्त हे होणार नाही, हे तिने स्वतःच सांगितले. खर्च दोन्हींच्या मध्ये. ती फोड भरून काढायला बाळूचा लाडका, दुमजली उंचीचा दिवाणखाना तिने एका रेघेत कमी केला होता.

बाळूने त्या रेघेकडे बराच वेळ पाहिले. त्या दिवाणखान्याची चित्रे त्याने दोन वर्षे जमवली होती. मग त्याने विचारले, “आणि आईच्या खोलीला झुळूक लागली तर?”

“तर मी कोट घालून निजेन,” आई म्हणाली. “जिना मात्र कोट घालून चढता येत नाही.”

ठरले ते असे. मला अजूनही वाटते, की फलके उभी करणारी जाणती टोळी जवळ असती आणि खिशात एका खोलीचे जास्त असते, तर ते तेलुगू घरच बरे. पण टोळी दूरच्या गावची होती, आणि खिसा बाळूचा होता.

घर २०२४ च्या शरदात पुरे झाले. पंख्याची परीक्षा दोनदा झाली. पहिल्या खेपेस जिन्याखालची एक फट सापडली. दरम्यान जिप्सम ठोकण्यापूर्वीची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. आईला तिच्या खोलीत ईशान्येच्या भिंतीवर देव्हारा हवा होता. फलकाच्या भिंतीत हलका फळीचा स्क्रू हवा तिथे बसला असता; वाशांच्या भिंतीत तो वासा शोधूनच मारावा लागतो, आणि आईच्या देवांची जागा नेमकी दोन वाशांच्या मध्ये येत होती. बाळूने सुताराला हे कसे समजावले कोण जाणे. एके सकाळी पुण्यात आमच्या फोनवर छायाचित्र आले: उघड्या भिंतीच्या पोटात, दोन उभ्या वाशांमध्ये एक आडवा जाड तुकडा ठोकलेला, आणि त्यावर सुताराच्या पेन्सिलीने इंग्रजीत तीन अक्षरे.

मी वाचून दाखवले, “मॉम.”

आईने चष्मा लावून पाहिले. “लाकूड कसलं आहे, ते विचार,” ती म्हणाली, आणि लाडवांचा डबा कुठे ठेवला आहे ते शोधू लागली.